बंदूक कुठे रिकामी करायची?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला, शिकारीच्या बंदुका मात्र अनेक घरांत राहिल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या डोंगराळ भागात त्या आज शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहेत. कुठे वारशानं आलेली ठासणीची बंदूक, कुठे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. भात पोटरीला आलं की रानडुकरांच्या वाटेवर राखण सुरू होते. रात्रभर जागलेला माणूस पहाटे घरी येतो, बंदूक पडवीतल्या खुंटीला अडकवतो किंवा कपाटाच्या कडेला उभी करतो आणि आडवा होतो. बंदुकीच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे परवाना कोणाला द्यावा, कुलूप कसलं असावं, निवडणुकीत शस्त्रं जमा करावीत का, याभोवती फिरते. हे प्रश्न खरेच आहेत. पण या साऱ्या उपायांचा भार ज्या एका कृतीवर येतो, ती या पहाटेच्या चार-दोन मिनिटांत होते किंवा राहून जाते. ठेवण्यापूर्वी बंदूक रिकामी करणं ही ती कृती. माझं म्हणणं असं, की ती घरात पोचल्यावर करायची गोष्टच नव्हे. बंदूक शेताच्या बांधावर रिकामी झाली पाहिजे, आणि ती रिकामी आहे हे आठवून नव्हे, डोळ्यांनी पाहून ठरलं पाहिजे.

भरलेली बंदूक तशीच ठेवणारा माणूस बेफिकीर असतोच असं नाही. त्याचा भरवसा खटक्यावर असतो. बिनघोड्याच्या दिसणाऱ्या दुनळीवर अंगठ्याखाली जो सेफ्टीचा खटका येतो, तो बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवतो. आत दडलेले घोडे बंदूक उघडून मिटली की ताणलेल्याच अवस्थेत असतात. त्यांना धरून ठेवणारी खाच वर्षानुवर्षांच्या वापरानं झिजली असेल, तर खुंटीवरून निसटून आपटलेली बंदूक खटका लावलेला असूनही उडू शकते. बाहेर घोडा असलेल्या जुन्या बंदुकांची गोष्ट याहून अवघड आहे. त्यांतल्या अनेकांमध्ये पाडलेला घोडा फायरिंग पिनवर टेकून राहतो आणि पिनेचं टोक काडतुसाच्या बुडाशी भिडलेलं असतं. घोड्यावर बसलेला एक ठोका मग चाप ओढण्याचं काम करतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली. ते कपाटात ठेवताना हातातून पडलं आणि गोळी सुटली, असं त्यांच्या व्यवस्थापकांनी तेव्हा सांगितलं. ते शिकारीचं शस्त्र नव्हतं, पण भरलेलं शस्त्र जागेवर ठेवण्याचा क्षण किती नाजूक असतो, हे साऱ्या महाराष्ट्रानं त्या दिवशी ऐकलं.

काडतुसाची दुनळी रिकामी करणं सोपं आहे. नळी सुरक्षित दिशेला धरून बंदूक उघडायची, दोन्ही काडतुसं काढायची, मग दोन्ही नळ्यांच्या आरपार उजेड बघायचा. मॅगझिनच्या रायफलीत मात्र क्रम चुकला की घात होतो. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी .३१५ची रायफल घ्या. मॅगझिन तसंच ठेवून कोणी आधी बोल्ट मागे ओढला, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलेलं पाहिलं आणि समाधानानं बोल्ट पुढे केला, तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस त्याच झटक्यात चेंबरमध्ये जाऊन बसतं. आपण रायफल रिकामी केली असं त्या माणसाला प्रामाणिकपणे वाटतं, आणि हातात असते भरलेली रायफल. उलट चूकही होते. मॅगझिन काढलं म्हणजे झालं, असं समजून चेंबरकडे कोणी बघतच नाही. म्हणून आधी मॅगझिन, मग बोल्ट उघडून चेंबर, आणि शेवटी चेंबरमध्ये नजर टाकून, अंधार असेल तर करंगळी घालून खात्री, हा क्रम कधीही मोडायचा नाही. एनसीसीच्या रेंजवर ‘खाली कर’ हा हुकूम आणि त्यानंतरची तपासणी इतक्या वेळा का घोटून घेतात, याचं उत्तर या यंत्ररचनेतच आहे.

खरी अडचण ठासणीच्या बंदुकीची आहे. ती तोंडाकडून भरतात. दारू, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, असा गजानं ठासलेला बार उघडून बघण्याची सोयच नाही. म्हणून अनेकजण ठिणगी पाडणारी केप तेवढी काढतात आणि बार नळीत तसाच ठेवतात. केप काढणं आवश्यकच आहे, पण त्यानं बंदूक रिकामी होत नाही. निपलच्या भोकातून शिरलेली ठिणगी पुरते, आणि नंतर कोणी नवी केप चढवली तर सगळं पूर्ववत. काळी दारू पावसाळ्यात सादळून निकामी होते, हा समजही घातक आहे. सादळलेली दारू पुन्हा वाळली की पेटते. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या तोफगोळ्यातली दारू चांगल्या १४० वर्षांनी, २००८ साली व्हर्जिनियात तो साफ करणाऱ्या संग्राहकाचा जीव घेऊन गेली. त्याच युद्धात, जुलै १८६३मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावरून सुमारे २७,५०० बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांतल्या २४,०००च्या आसपास भरलेल्या निघाल्या, आणि निम्म्याहून अधिक भरलेल्या बंदुकांत एकावर एक असे दोन किंवा जास्त बार ठासलेले होते. ते कवायत शिकलेले सैनिक होते, तरी आपली बंदूक भरलेली आहे की नाही हे त्यांना कळलं नव्हतं. लढाईच्या गोंधळाची तुलना राखणीच्या रात्रीशी होत नाही हे मान्य, पण शेवटची राखण गेल्या वर्षी झालेली असेल तर आठवणीचा भरवसा तितकाच थोडा. जुन्या बारावर नवा बार बसला तर नळी फाटू शकते, आणि ती फाटते झाडणाऱ्याच्या तोंडासमोर.

यावर जुन्या जाणकारांचा उपाय साधा आहे. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत सोडून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवायची. पुढे कधीही गज सोडला आणि खूण नळीच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे. बार काढायचाच असेल तर आधी केप उतरवणं, दारू पाण्यानं भिजवणं आणि मगच स्क्रू लावलेल्या गजानं बोळा ओढणं हा मार्ग आहे. ज्यानं हे कधी केलेलं नाही त्यानं परवानाधारक बंदूक कारागिराकडेच जावं. पण त्याहून शहाणपणाचं म्हणजे, घरून निघताना बंदूक भरूनच न्यायची नाही.

आता पुराव्याकडे वळू. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं १९९१मध्ये बंदुकांमुळे झालेले अपघाती मृत्यू तपासले. बंदुकीत गोळी आहे हे बाहेरून दाखवणारी खूण असती, तर त्यांतले २३ टक्के टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे जवळपास दर चार मृत्यूंमागे एकात कोणीतरी बंदूक रिकामी समजून हाताळली होती. २००५च्या एका अभ्यासात वीस वर्षांखालच्या मुलांच्या हातून घडलेले अपघात आणि आत्महत्येचे प्रयत्न घेऊन, त्या घरांतल्या बंदुका आणि इतर घरांतल्या बंदुका कशा ठेवल्या जात होत्या हे ताडून पाहिलं. रिकामी ठेवलेल्या बंदुकीनं असा प्रकार घडण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी दिसली, आणि कुलपात ठेवलेल्या बंदुकीचा आकडाही साधारण तेवढाच होता. कोणी म्हणेल, बंदूक रिकामी करणारा माणूस एकूणच दक्ष असतो, त्यामुळे श्रेय त्याच्या स्वभावाचं, कृतीचं नव्हे. अशा अभ्यासाला ही मर्यादा असतेच. पण इथे कारण शोधायला आकडेशास्त्र लागत नाही. नळीत काडतूस नसेल तर चाप कोणीही ओढो, बार उडत नाही.

‘आमच्या मुलांना सांगून ठेवलंय’ हे उत्तर हमखास मिळतं. २००१मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात ८ ते १२ वर्षांच्या मुलांना दोघा-तिघांच्या गटानं एका खोलीत सोडलं, जिथल्या खणात निकामी केलेलं खरं पिस्तूल होतं. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांना बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे आधी मिळालेले होते. मुलांना सांगायला हवंच, पण त्यांच्या आज्ञाधारकपणावर त्यांचा जीव टांगून ठेवता येत नाही.

शेतकऱ्याचा आक्षेप अधिक वजनाचा आहे. डुक्कर सांगून येत नाही, एका रात्रीत नाचणीची वाताहत होते, तेव्हा काडतुसं शोधत बसायचं का? हा त्रास खरा आहे आणि त्याला कमी लेखणं अन्याय होईल. पण डुक्कर शेतात येतं, पडवीत नाही. राखणीला बसलेल्या माणसाची बंदूक कधी भरायची हा प्रश्न वेगळा. खुंटीवरची बंदूक शेतापर्यंत न्यायलाच काही मिनिटं लागतात, आणि काडतूस घालायला त्यातले काही सेकंद. चोरांच्या भीतीचंही तेच. भरलेली बंदूक घरात सहज हाती लागेल अशी ठेवली, तर ती चोराच्याही हाती तितकीच सहज लागते. ‘कपाटाला कुलूप आहे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की कुलूप रोज उघडतं, किल्ली घरच्यांना ठाऊक असते. शिवाय घराला आग लागली तर डब्यातलं काडतूस फुटतं, पण नळीचा आधार नसल्यानं त्याच्या छर्‍यांना बंदुकीतल्यासारखा वेग मिळत नाही. तापलेल्या नळीतलं काडतूस मात्र नेम धरून झाडल्यासारखंच सुटतं, विझवायला धावलेल्या शेजाऱ्याच्या दिशेनंही. कुलूप आणि वेगळी ठेवलेली काडतुसं दोन्ही हवीत, पण रिकाम्या बंदुकीला जोड म्हणून.

घराऐवजी बांधावर असं म्हणण्याचं कारण हेच. रिकामी करताना चूक झाली, बोट चापावर गेलं, तर तो बार मातीत गेला पाहिजे, भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाकडे नव्हे. बांधावर मोकळी माती असते, दिशा निवडता येते आणि घरच्यांची गर्दी नसते. परत येताना घसरड्या पायवाटा आणि ओहोळ ओलांडायचे असतात, तिथेही मग हातात रिकामी बंदूक असते. घरी आल्यावर पुन्हा एकदा उघडून बघायचं, एवढंच उरतं.

२०१६च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची अट घातली. पण वारशानं आलेल्या बंदुकांचे अनेक धनी त्या काळाच्या आधीचे आहेत. निवडणुकीच्या वेळी बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत दिल्या जातात, तेव्हा प्रत्येक परवानाधारकाकडून बंदूक रिकामी करून दाखवण्याचं पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक घेता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. आणि परवानाधारकांच्या घरच्यांना एक विनंती. खंडेनवमीला शस्त्रं पूजेसाठी खाली उतरतात, हळदकुंकू लावायला लहानथोर सगळे भोवती जमतात. यंदा पाट मांडण्यापूर्वी बंदूक अंगणाबाहेर न्यायला सांगा, नळी उघडून बघायला लावा, ठासणीची असेल तर गज सोडून खूण तपासायला लावा, आणि ज्याची बंदूक आहे त्याच्याखेरीज आणखी एका मोठ्या माणसानं ते स्वतः पाहिल्याशिवाय ती घरात येऊ देऊ नका.