रोह्याच्या देशमुखांचा राजीनामा

पगार कमी पडला म्हणून माणूस नोकरी सोडतो, हे आपले ठरलेले उत्तर. रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांना ते लावून पाहा! आय. सी. एस., १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५० पासून केंद्रात अर्थमंत्री. उणे ते काय होते? पण १९५२ साली त्यांना लोकसभेत धाडले होते पेण-रोह्याच्या कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडाने. पुढे मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले. आणि तेही मंत्रिमंडळाला न विचारता, हे चिंतामणरावांचे गाऱ्हाणे. जमाखर्चाला मंत्री हवा, निर्णयाला नको! (कचेरीत जाणाऱ्यांना हे निराळे सांगायला नकोच.) १९५६ च्या जुलैत ते खुर्ची सोडून मोकळे झाले.