ऊन घराबाहेरच अडवावे

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर कल्याणनंतर लागणारे स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. कल्याण-डोंबिवली व उल्हासनगर या दोन शहरांच्या सांध्यावर वसलेल्या या परिसरात कौलारू घरांची जागा आता सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारतींनी घेतली आहे. कौलारू घरास पडवी असे, छपराच्या पागोळ्या भिंतीच्या पुढे आलेल्या असत. त्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडत असे. नव्या सदनिकेत पडवी गेली, छज्जा आखूड झाला आणि सरकत्या काचेची मोठी खिडकी थेट उन्हासमोर आली. दुपारनंतर पश्चिमेकडील खोलीत बसणे वृद्धांना व लहान मुलांना असह्य होते. वातानुकूलन यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाला तर दुसरा मार्गच उरत नाही. म्हणूनच खिडकीबाहेरील सावलीचा विचार आज पुन्हा अगत्याचा झाला आहे.

पडदा आत की बाहेर?

सूर्यकिरण काचेतून सहज आत येतात. साध्या स्वच्छ काचेवर पडणाऱ्या सौर उष्णतेपैकी सुमारे चार-पंचमांश भाग खोलीत शिरतो. हे किरण फरशी, भिंती व सामान तापवतात. तापलेल्या वस्तूंपासून निघणारी उष्णता मात्र दीर्घ लहरींची असते व तिला काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आतील पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवतो, काही किरण परतही पाठवतो. परंतु तो स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. तोच पडदा काचेबाहेर असेल, तर त्याची उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते.

याचे परिमाण लक्षात घेण्याजोगे आहे. एप्रिल-मे महिन्यांत निरभ्र दिवशी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारणतः ५०० ते ६०० वॅट उष्णता पडते. दीड चौरस मीटरच्या एका खिडकीतून त्यांपैकी ६०० ते ७०० वॅट आत येतात. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढू शकते. अशा दोन खिडक्या असल्यास त्या यंत्राची एक-तृतीयांशाहून अधिक शक्ती केवळ काचेतून आलेले ऊन बाहेर काढण्यात खर्ची पडते.

प्रत्येक दिशेचा उपाय वेगळा

विठ्ठलवाडी सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंश उंच असतो. मेच्या मध्यास तो थेट माथ्यावर येतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडे झुकून ४७ अंशांवर राहतो. यावरून दक्षिणेच्या खिडकीचा हिशेब सोपा होतो. सव्वा मीटर उंचीच्या खिडकीवर लगतच ४५ सेंटिमीटरचा, दोन्ही बाजूंस पुरेसा लांब छज्जा असेल, तर मार्च ते सप्टेंबर या काळात खिडकी सावलीत राहते. हिवाळ्यात मात्र हवेसे ऊन आत येते.

पश्चिमेची गोष्ट निराळी. मे महिन्यात सायंकाळी पाच वाजता सूर्य जेमतेम २८ अंश उंच असतो. त्या वेळी ६० सेंटिमीटरचा छज्जादेखील खिडकीच्या वरच्या फूटभर भागावरच सावली धरतो. तेथे छज्जा वाढवीत नेण्यापेक्षा खिडकीसमोर उभी सावली धरणे हिताचे. पूर्वेच्या सकाळच्या उन्हालाही हाच न्याय लागू पडतो.

परंतु पश्चिमेची बाजू भिंतीने बंद करणेही परवडणारे नाही. कारण उन्हाळ्यातील समुद्रवारा त्याच बाजूने येतो. मुंबईत १९८३ साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ इमारतीची रचना करताना वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्यापुढे हाच पेच होता. वारा पश्चिमेचा हवा. पण दुपारचे ऊन व पावसाचा मारा नको. त्यांनी कोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या ठेवून जुन्या बंगल्याची पडवी उंच इमारतीत नेली.

घरगुती उपाय

सामान्य सदनिकेस एवढा व्याप नको. बांबूच्या चिकाचा पडदा, लाकडी वा धातूच्या झडपा, जाड पांढरे कापड किंवा रोपवाटिकेत वापरली जाणारी जाळी यांपैकी जे परवडेल ते खिडकीबाहेर लावावे. पडदा व काच यांत साधारण वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. पडदा गुंडाळता येणारा असावा. सकाळी उजेडासाठी तो उघडता येतो आणि पावसाळी वादळापूर्वी उतरवता येतो. बांधणी भक्कम हवी, कारण वरच्या मजल्यावरून सुटलेली चौकट जीवघेणी ठरू शकते. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग बंद होणार नाही, हेही पाहावे. इमारतीच्या बाह्य स्वरूपात बदल होत असल्यास गृहनिर्माण संस्थेची व आवश्यक तेथे महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. तळमजल्यावर पश्चिमेस मांडव घालून मधुमालतीचा वेल चढवल्यास सावली व शोभा दोन्ही साधतात.

आरंभीच विचार व्हावा

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’त भिंती व खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा सुचवली असून, त्या गणितात खिडकीबाहेरील सावलीही धरली जाते. तथापि, नियमांपेक्षा आराखड्याच्या वेळची दक्षता अधिक मोलाची. शाळेची खोली, अंगणवाडी वा आरोग्य उपकेंद्र बांधताना इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, तर मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेस येतात व साधा छज्जा पुरतो. ग्रामपंचायत सदस्यांनी आराखड्यास मान्यता देण्यापूर्वी एवढे जरूर तपासावे.

शिक्षकांना हा विषय वर्गातही मांडता येईल. काचेचे झाकण असलेली दोन सारखी खोकी उन्हात ठेवावीत. एकात पुठ्ठा काचेच्या आतून, दुसऱ्यात बाहेरून थोडे अंतर ठेवून लावावा. प्रत्येकात एक तापमापक सावलीत राहील असा ठेवून अर्ध्या तासाने दोन्ही वाचावेत. ऊन कोठे अडवावे, याचे उत्तर मुले स्वतःच देतील आणि ते घरी घेऊन जातील.