श्वानांतील अपस्मार : पूरक आहाराची उपयुक्तता व मर्यादा

अपस्मार अर्थात फेफरे हा श्वानांच्या मज्जासंस्थेचा नेहमी आढळणारा जुनाट विकार आहे. तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून अधिक अंतराने किमान दोनदा झटके आल्यास अपस्माराचा विचार केला जातो. आनुवंशिक प्रकार बहुधा ६ महिने ते ६ वर्षे या वयात प्रकट होतो. तत्पूर्वी डिस्टेंपर, रेबीज, विषबाधा, यकृतविकार व रक्तशर्करेची घट ही कारणे तपासणे अगत्याचे असते. बेंगळुरू येथे हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशा तपासणीसाठी सल्ला घेता येतो.

उपचाराचा पाया फेनोबार्बिटल, पोटॅशियम ब्रोमाइड यांसारखी औषधे हाच आहे. तथापि काही श्वानांत औषधे चालू असूनही झटके येत राहतात. अशा वेळी मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचे तेल, म्हणजेच एमसीटी तेल, हा सर्वाधिक अभ्यासलेला पूरक घटक ठरतो. यातील कॅप्रिक आम्ल मेंदूतील उत्तेजक ग्राहींना आवर घालते, तर यकृतात तयार होणारे कीटोन घटक मेंदूला पर्यायी ऊर्जा पुरवतात.

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०१५ मधील चाचणीत औषधे चालू असलेल्या २१ श्वानांना तीन महिने एमसीटीयुक्त व तीन महिने तुलनेचा आहार देण्यात आला. एमसीटीच्या काळात ३ श्वानांचे झटके पूर्ण थांबले, ७ श्वानांत ते निम्म्याने किंवा अधिक घटले. ६ श्वानांत मात्र उपयोग झाला नाही. २०२० च्या अभ्यासात एकूण ऊर्जेच्या ९ टक्के एमसीटी तेल देण्यात आले व झटक्यांचे प्रमाण घटले. दिवसाला ६०० किलोकॅलरी लागणाऱ्या श्वानासाठी हे प्रमाण सुमारे साडेसहा ग्रॅम होते.

घरातील खोबरेल तेल हा यास पर्याय नव्हे. एमसीटी तेलात मुख्यत्वे कॅप्रिलिक व कॅप्रिक आम्ले असतात. खोबरेल तेलात ती जेमतेम एक-सप्तमांश असून लॉरिक आम्लच निम्म्याच्या आसपास असते. तेवढा लाभ मिळवण्यासाठी सुमारे ४५ ग्रॅम खोबरेल द्यावे लागेल, म्हणजे दिवसाची दोन-तृतीयांश ऊर्जा निव्वळ तेलातून जाईल. फेनोबार्बिटल व ब्रोमाइड घेणाऱ्या श्वानांत स्वादुपिंडदाहाचा धोका असल्याने अतिरिक्त तेल घातक ठरू शकते. एमसीटी तेलही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, थोड्या मात्रेपासून वाढवत व इतर आहारातील ऊर्जा तेवढी कमी करूनच द्यावे.

ब्रोमाइड घेणाऱ्या श्वानाच्या आहारातील मिठाचे प्रमाण स्थिर ठेवावे. पापड, फरसाण किंवा खारट उरलेसुरले अन्न दिल्यास मूत्रावाटे ब्रोमाइड अधिक बाहेर पडते व झटके परततात. मीठ एकाएकी घटवल्यास ब्रोमाइड साचून गुंगी, अडखळती चाल अशी विषबाधेची लक्षणे दिसतात.

झटक्यांची तारीख, वेळ व कालावधी यांची नोंद ठेवावी. पूरक आहाराचा गुण आला की नाही, हे त्यावरूनच ठरते. गुण दिसला तरी औषध आपणहून बंद करू नये. अचानक बंद केल्यास झटके अनावर होतात. पाच मिनिटांहून अधिक काळ चाललेला झटका किंवा एका दिवसात वारंवार येणारे झटके प्राणघातक ठरू शकतात. झटका चालू असताना तोंडात हात, पाणी वा अन्न घालू नये. श्वानास विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे.