तलावाची पाळ व तिची राखण

वाशीम शहराजवळ चंद्रभागा नदीवर एकबुर्जी येथे मातीचे धरण आहे. अडाण व सोनल यांच्यासह जिल्ह्यातील तीन मध्यम प्रकल्पांत त्याची गणना होते. वाशीम शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार हाच जलाशय होय. पावसाळ्यात असा जलाशय भरला म्हणजे पाणी पाहावयास माणसे जातात, मुले काठावर खेळतात, गुराखी जनावरे पाण्यावर आणतात. जिल्ह्यातील लहान सिंचन तलाव व पाझर तलाव यांवरही थोड्याफार प्रमाणात हेच दृश्य दिसते. पाण्याकाठी विसावा घेण्यात गैर काहीच नाही. तथापि विसाव्याचे स्थळ झाले तरी धरण हे सर्वप्रथम पाण्याच्या भाराखाली अहोरात्र उभे असलेले मातीचे बांधकाम आहे, याचा विसर पडू नये.

जिल्ह्याची ठेवण

वाशीम जिल्हा गोदावरी व तापी या दोन खोऱ्यांच्या पाणलोटसीमेवर वसलेला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस पूर्णेकडे वाहते, तर पैनगंगेचे पाणी पूर्वेस जाऊन अखेर गोदावरीस मिळते. नद्या उगमाजवळच्या असल्यामुळे त्यांची पात्रे लहान आहेत. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डोंगरउतारावर जोराचा पाऊस झाला की ओढ्यास पाहता पाहता लोंढा येतो. सकाळी शांत दिसणारा तलाव सायंकाळी तुडुंब भरलेला असू शकतो. म्हणून या भागातील लहान धरणांच्या बाबतीत सावधपणास वेळ थोडा मिळतो, ही गोष्ट ध्यानात घेणे जरूर आहे.

पाळ कशी उभी असते

मातीच्या धरणाचा गाभा पाणी अडविणाऱ्या चिकण मातीचा असतो. त्यावर दोन्ही बाजूंस मुरमाचे कवच चढवितात. पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अस्तर बसवितात आणि पलीकडील पायथ्याशी झिरपलेले पाणी वाहून नेण्यासाठी वाळू व खडी यांची गाळणी आणि नाली असते. शेतीस पाणी सोडण्याचे द्वार म्हणजे विमोचक, आणि जादा पाण्याची वाट म्हणजे सांडवा.

धरणातून थोडे पाणी झिरपणे हा दोष नव्हे. पायथ्याच्या नालीतून येणारे पाणी निवळ असेल व त्याचे प्रमाण दरवर्षीइतकेच असेल, तर पाळ ठीक आहे असे सामान्यपणे समजावे. परंतु तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर पाण्याबरोबर आतील माती वाहून जात आहे असा त्याचा अर्थ होतो. मातीचा एक कण गेला की दुसऱ्यास वाट होते. आत बिळासारखी पोकळी वाढत जाते आणि वरून धडधाकट दिसणारी पाळ काही तासांत खचू शकते. निवळ झिरपा आणि गढूळ झिरपा यांतील हा फरक ओळखण्यास यंत्र लागत नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन थोडा वेळ ठेवले आणि तळाशी माती बसली, तर संशयास जागा राहत नाही. मात्र पाण्याचा जोर वाढत असेल, तर पाळीच्या पायथ्याशी जाऊन पाहणी करीत बसू नये. तत्काळ वर्दी द्यावी.

पाळीवर आढळणारी इतर लक्षणे अशी: माथ्यावर पडलेला खळगा, उतारावर माती घसरून आलेला फुगवटा, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी दलदल, आणि माथ्यास आडव्या जाणाऱ्या भेगा. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते; या भेगा पाळीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे आरपार गेल्या असतील, तर पावसाळ्यात त्यांतूनच पाण्यास वाट मिळते. उंदीर, घुशी व खेकडे यांची बिळे, तसेच पाळीवर वाढलेली वेडी बाभूळ व इतर झाडे यांपासूनही हाच धोका संभवतो. झाड वाळले व मूळ कुजले की त्या जागी नळी तयार होते. म्हणून पाळीवर गवत असावे, झाड नसावे.

अनुभवाचे धडे

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे काम पुरते झालेले नव्हते आणि पावसाळ्याने वेळेपूर्वीच गाठले. विमोचकाच्या भागातील भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शिकस्त केली, परंतु सकाळी पाण्याने वाट काढली. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले व पुण्यातील नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली.

धोका मोठ्या धरणांनाच असतो, ही समजूत मात्र खरी नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथे मातीचे लहान धरण होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि खालच्या बाजूची भेंदवाडी वाहून गेली. सुमारे वीस माणसे दगावली. धरणास गळती असल्याचे ग्रामस्थांनी त्यापूर्वीच निदर्शनास आणले होते. लक्षण दिसणे व त्यावर वेळेत उपाय होणे, या दोहोंमधील अंतर किती महाग पडते हे या घटनेवरून कळून येते.

धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ अन्वये १५ मीटरपेक्षा अधिक उंचीच्या धरणांची, तसेच १० ते १५ मीटर उंचीच्या परंतु ठरावीक लांबी वा साठा असलेल्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे बंधनकारक आहे. गावोगावचे अनेक पाझर तलाव याहून कमी उंचीचे आहेत. तेथे अभियंत्याची फेरी क्वचित होते. म्हणून ज्यांची शेते पाळीखाली आहेत त्यांचीच नजर पहिली पडली पाहिजे.

सांडवा मोकळा असावा

लहान तलावांच्या सांडव्यास बहुधा दरवाजे नसतात. पाणी ठरलेल्या पातळीस आले की ते आपोआप वाहू लागते. पाळीचा माथा या पातळीहून काही उंच ठेवलेला असतो, तो पुराच्या पाण्यासाठी व लाटांसाठी. रब्बीस थोडे अधिक पाणी मिळावे म्हणून सांडव्यावर पोती वा दगड रचण्याची चाल काही ठिकाणी आढळते. त्यायोगे पुरासाठी राखलेली जागाच भरून जाते. पाणी एकदा मातीच्या पाळीवरून वाहू लागले की ती चिरत जाण्यास वेळ लागत नाही. हातभर पाण्याच्या लोभाने सारा तलाव व खालची शेते गमावण्याचा हा मार्ग होय. त्याचप्रमाणे सांडव्याच्या पुढील नाल्यात पीक घेणे, झाडे वाढू देणे किंवा तो बुजविणे टाळावे.

वाहता सांडवा प्रेक्षणीय असतो, परंतु त्याच्या दगडांवर शेवाळ असते. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाचेही पाय उचलते. सांडवा वाहत असता तो ओलांडू नये, त्यात उभे राहू नये व मुलांस जवळ जाऊ देऊ नये.

काठावरील माणसे व जनावरे

पोळा श्रावणाच्या अमावास्येस येतो. त्या सुमारास तलाव भरलेले असतात. बैल धुण्यास पाण्यात नेले असता बैल खोल पाण्यात ओढतो आणि कासरा हाताला गुंडाळलेला माणूस त्याबरोबर जातो. सणाच्या दिवशी घरातील कर्ता मुलगा गमावण्याचे प्रसंग अशानेच ओढवतात. बैल घरच्या हौदावर किंवा विहिरीच्या पंपावर धुणे उत्तम. पाण्यात न्यावयाचेच झाल्यास कासरा हाताला गुंडाळू नये, पाणी गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये, आणि एकट्याने जाऊ नये.

गाळ काढलेल्या तलावांत एक नवा धोका असतो. उन्हाळ्यात खोदलेले खड्डे पावसाळ्यात पाण्याखाली झाकले जातात. काठापासून दोन पावलांवर कमरेइतके पाणी असले तरी तिसऱ्या पावलास ते दोन पुरुष खोल असू शकते. म्हणून खड्ड्यांच्या कडा उतरत्या कराव्यात आणि पाळीच्या पायथ्यालगतची माती मुळीच काढू नये. तिच्यामुळेच पाळीखालून जाणारे पाणी अडते.

कोणी बुडत असल्यास पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, बांबू, धोतर, पातळ किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा व आरडाओरड करून मदत बोलवावी. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

परिसराची निगा

जलाशयाचे आयुष्य त्याच्या वरच्या शेतांवर अवलंबून असते. उतारास आडवी पेरणी, बांधबंदिस्ती आणि नाल्याकाठी गवताचा पट्टा यांमुळे शेतातील माती शेतात राहते व तलावात गाळ कमी येतो. सोयाबीन, तूर व कपाशी यांवरील फवारणीचे पंप तलावात धुण्याचे सर्वस्वी टाळावे. ज्या पाण्यात पंप धुतला जातो, तेच पाणी जनावरे पितात आणि एकबुर्जीसारख्या ठिकाणी शहरही पिते.

प्रत्येक गावाने दोन जाणती माणसे नेमून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा व अतिवृष्टीनंतर तत्काळ पाळीची फेरी करावी, आणि आढळलेली गोष्ट दिनांकासह वहीत टिपावी. झिरपा वाढल्यास वा गढुळल्यास सरपंच, पोलीस पाटील, तहसील कार्यालय आणि ज्या खात्याचा तलाव असेल ते खाते यांस लेखी कळवावे व पोच घ्यावी. पाणी जोराने व गढूळ येत असल्यास मात्र कागदाची वाट न पाहता खालच्या वस्तीस प्रथम हलवावे. पाळ पुन्हा बांधता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही.