दोन चाकं, चार महिने (लेखांक ५) : भेडाघाटच्या पावसाला कोणतं जॅकेट?

जबलपूरहून भेडाघाट वीस-पंचवीस किलोमीटर. रविवारी सकाळी सायकल काढावी आणि जेवायला घरी परतावं, इतकं सोयीचं. पावसाळ्यात संगमरवरी कड्यांमधल्या नावा बंद असतात, पण धुआंधार धबधबा भरात असतो. नर्मदेला मोठा पूर आला तर धबधबाच पाण्याखाली जातो; एरवी कठड्याशी उभं राहिलं तर पाऊस नसतानाही तुषारांनी माणूस भिजतो. या सहलीसाठी जॅकेट घ्यायला गेलं की दुकानदार लेबलावरचे दोन आकडे दाखवतो. पैसे मोजण्याआधी ते समजून घ्यायला हवेत.

पहिला आकडा १०,००० मिमी. म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब कापड सोसतं. पावसाच्या थेंबांना एवढा दाब कुठला! सायकलला हे भरपूर झालं. २०,००० साठी जास्त पैसे देऊ नका. पाणी शिरतं ते शिवणीतून, चेनमधून आणि गळ्यातून. जॅकेट उलटं करून पाहा : प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी.

दुसरा आकडा वाफेचा, आणि खरी मेख इथे आहे. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. त्यातून थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. लेबलावर १०,००० ग्रॅम लिहिलं असेल, तर चौरस मीटरमधून चोवीस तासांत तेवढी वाफ जाते, म्हणजे तासाला चारशे ग्रॅमच्या आसपास. आता आपली गरज पाहू. चाकाला शंभर वॉट देताना शरीर तीनशेहून अधिक वॉट उष्णता तयार करतं. ती सगळी घामावाटे घालवायची, तर तासाला जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळायला हवा. कागदावर हिशेब थोडक्यात हुकतो, एवढंच वाटतं.

पण तो आकडा प्रयोगशाळेतला. वाफ आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकावर सरकते. घामेजलेल्या कातडीजवळ, ३४ अंशांना, हा दाब पाऱ्याच्या साधारण ४० मिमीइतका असतो. इंग्लंडमधल्या १० अंशांच्या पावसात बाहेर तो ९ असतो. श्रावणातल्या जबलपुरात, २५ अंशांच्या दमट हवेत, २४. फरक ३१ वरून १६ वर येतो. तेच महागडं जॅकेट इथे निम्मंच काम करतं. म्हणून कित्येक जण जॅकेट गळतंय म्हणतात, तेव्हा ते स्वतःच्याच घामाने भिजलेले असतात.

माझं मत स्पष्ट आहे : आपल्याकडे पडद्याच्या दर्जापेक्षा हवेच्या वाटा महत्त्वाच्या. काखेत लांब चेन हवी, पाठीवर झडपेखाली जाळी हवी, पुढची चेन खालून-वरून दोन्हीकडून उघडणारी असली तर फारच उत्तम. खरेदी करताना सायकलवर बसल्यासारखं वाका. पाठीचा भाग कमरेखाली उतरायला हवा, बाह्या मनगटावर राहायला हव्यात. टोपी हेल्मेटखाली मावेल इतकी पातळ नसेल, तर ती नसलेलीच बरी. हेल्मेटवरून ओढलेल्या टोपीत मान वळवली की मागून येणारा ट्रक दिसत नाही. रंग भडक घ्या. स्कूटरवरचा प्लास्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण वाफही अडवतो. मोठा पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि चाकात अडकण्याची भीती असते.

आणि एवढं करून भिजलात तरी या उबदार पावसात बिघडत नाही. पंचाईत थांबल्यावर होते : घामट अंगाने धुआंधारच्या तुषारांत उभं राहिलं की वाऱ्याने हुडहुडी भरते. तेव्हा जॅकेटच्या सगळ्या चेना लावायच्या, आणि आत सुती बनियनऐवजी लवकर वाळणारा टी-शर्ट घालायचा.

वर्षभराने खांद्यावर पेलाभर पाणी ओतून पाहा. थेंब घरंगळण्याऐवजी कापड ओलं झालं, तर वरचा पाणी झटकणारा लेप मंदावलाय. सौम्य साबणाने धुवा, कपडे मऊ करणारं द्रव्य टाळा, आणि लेबलवर परवानगी असेल तर हलकी इस्त्री फिरवा; लेप बऱ्याचदा पुन्हा कामाला लागतो. पाठीवर खालून उडणाऱ्या चिखलाला मात्र कोणतंच जॅकेट पुरत नाही. त्यासाठी मडगार्ड, पुढच्या आठवड्यात.