पाच टनांची अट

स्वस्त विमानांची गोष्ट : भाग चौथा

गेल्या आठवड्यात आपण टेक्सासमध्ये थांबलो होतो. साउथवेस्ट या कंपनीने १९७१ साली डलास, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये विमानसेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशांची इतकी ओढाताण झाली, की चारांपैकी एक विमान विकावे लागले. तरीही चार विमानांचे वेळापत्रक तिने उरलेल्या तिघांवर चालवून दाखवले. उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा निघाले पाहिजे, एवढाच त्यावरचा उपाय होता. या भागात भारतात येऊन एअर डेक्कनकडे वळायचे होते. तिकडे जाऊच, पण त्याआधी बार्शीला उतरायला हवे. स्वस्त वाहतूक कशी उभी करावी, या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उत्तर बार्शीच्या रुळांवर मिळते आणि तेही १८९७ सालचे. राइट बंधूंचे विमान हवेत जायला तेव्हा अजून सहा वर्षे होती.

जीआयपी रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली, पण बार्शी तिच्या वाटेत नव्हती. बालाघाटाच्या डोंगररांगेखालची ही पेठ तेव्हाही मोठी होती. पलीकडच्या निजामाच्या मुलखातला कापूस आणि धान्य घाट उतरून इथल्या बाजारात येई. मुंबईला जाणारा माल इथून बैलगाड्यांवर लादून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या स्टेशनावर न्यावा लागे. गाव कुर्डूवाडी असले तरी स्टेशनाचे नाव होते ‘बार्शी रोड’. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाके रुतली, की हे ३५ किलोमीटर मुंबईपर्यंतच्या उरलेल्या सगळ्या प्रवासाहून अवघड होत.

एवढ्याशा अंतरासाठी साडेपाच फुटी ब्रॉडगेज टाकणे परवडणारे नव्हते. भराव, पूल, रूळ आणि इंजिने यांचा खर्च तेवढ्या वाहतुकीतून निघालाच नसता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने हे गणित मनावर घेतले. १८८२ साली तो जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला होता. कमी खर्चाची रेल्वे हा त्याचा ध्यासच होता. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन ही गाडी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावू लागली. मुलखात तिला कोणी लांबलचक नावाने ओळखलेच नाही. सगळ्यांसाठी ती ‘बार्शी लाईट’.

अरुंद रूळ टाकून खर्च वाचवणारे आधीही होते. त्यांच्या गाड्या मात्र बहुतेक मोठ्या गाडीची छोटी नक्कल असत: लहान इंजिन, लहान डबे, थोडा माल. अशा गाडीवर खर्च कमी होई आणि उत्पन्न त्याहूनही कमी. कॅलथ्रॉपने विचाराला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. रुळाला सोसावा लागतो तो गाडीच्या एकूण वजनाचा भार नव्हे, तर प्रत्येक ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकेका जोडीचा. तेव्हा आधी एक आकडा पक्का करायचा: कोणत्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. मग इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, सगळ्यांना हीच अट. एकदा हे ठरले, की रूळ यार्डाला ३० पौंडांचा पुरतो, पूल हलके चालतात आणि भराव कमी लागतो.

त्याच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मर्यादा पाच टनांची असेल, तर ती पुरेपूर वापरली पाहिजे. चार ॲक्सलच्या वाघिणीला एकूण वीस टनांची मुभा मिळते. वाघीण स्वतःच जड असेल, तर त्यातला बराच भाग लोखंड वाहण्यात जातो. म्हणून त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरल्या. वाघीण हलकी झाली आणि वाचलेल्या प्रत्येक टनाच्या जागी कापूस भरता आला. लीड्सच्या किट्सन कारखान्यात बनलेल्या इंजिनालाही हाच न्याय होता. त्याला चार जोड्या चालक चाके आणि मागे आणखी दोन जोड्या होत्या. वजन सहा ॲक्सलवर वाटले गेल्यामुळे ताकद भरपूर मिळाली आणि रुळावरचा भार मात्र पाच टनांतच राहिला. बार्शीला पाठवण्याआधी हे सगळे सामान त्याने लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून जाणकारांना चालवून दाखवले. अरुंद रूळ म्हणजे गरिबाची तात्पुरती सोय, हा समज त्याला मोडायचा होता.

हा मार्ग फुकटचा नव्हता आणि त्याची किंमत कुर्डूवाडीला मोजावी लागे. बार्शीहून आलेला माल तिथे लहान वाघिणीतून उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत चढवायचा. हमाली, वेळ आणि नासधूस हे सगळे आलेच. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेवर कॅलथ्रॉपने मोठ्या गेजची अख्खी वाघीण पाठीवर घेणारी गाडी वापरली. म्हणजे हे दुखणे त्याला चांगलेच ठाऊक होते. वेगही बेताचाच होता. बार्शी लाईटच्या संथ चालीच्या आठवणी अजून घरोघरी निघतात. पण ज्याच्यापुढे दुसरा मार्ग बैलगाडीचाच होता, त्याचे या गाडीने फार मोठे काम केले.

बार्शीला जे चालले ते मग पसरत गेले. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातले लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. एकूण मार्ग सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी डब्यांत मावत नसे, माणसे टपावर बसून पंढरी गाठत. लातूरची पेठ वाढली त्यात या रुळांचा वाटा मोठा आहे. कंपनी १९५४ पर्यंत खासगी राहिली, मग सरकारने ती घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. बार्शीत ब्रॉडगेज आली २००८ साली. पाच टनांच्या अटीने ज्या काळात रेल्वे शक्य केली, तो काळ कधीच मागे पडला होता. माल ट्रकवर गेला होता आणि लोकांना थेट मुंबईला जाणारी गाडी हवी होती. मर्यादा कितीही शहाणपणाने आखली, तरी ती विशिष्ट काळासाठी आणि विशिष्ट भारासाठी असते.

विमानांच्या लेखमालेत कॅलथ्रॉपला आणण्याचे आणखी एक कारण आहे. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, बोर्नमथला विमान कोसळून गेला. त्या धक्क्यानंतर कॅलथ्रॉप विमानातून उडी घेणाऱ्यासाठी हवाई छत्री बनवण्याच्या मागे लागला. ‘गार्डियन एंजल’ नावाची त्याची छत्री पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी वापरली गेली. ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत ती मिळाली नाही आणि कित्येक तरुण जळत्या विमानांबरोबर खाली गेले. १९२७ मध्ये, मिरजेचा मार्ग सुरू झाला त्याच वर्षी, कॅलथ्रॉप वारला. बार्शीत त्याच्या रेल्वेची आठवण निघते तेव्हा या छत्रीचीही निघायला हवी.

आता विमानांकडे. विमान कंपनीच्या जगात सगळ्यांत कळीचा आकडा म्हणजे एक आसन एक किलोमीटर नेण्याचा खर्च. तिकीट कितीला विकले हा पुढचा प्रश्न. साउथवेस्टने हा खर्च खाली आणला तो बार्शीच्याच रीतीने. एकच बोइंग ७३७ हे विमान निवडले आणि बाकी सगळे त्याभोवती बेतले. एकच विमान असले, की वैमानिकांचे प्रशिक्षण एक, सुट्या भागांचा साठा एक, मेकॅनिकला घ्यावी लागणारी माहिती एक. कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो. जमिनीवर उभे विमान कमाई करत नाही, हप्ता मात्र चालू असतो. म्हणून दहा मिनिटांचा नियम आला. तो पाळायचा तर आसनक्रमांक नकोत आणि जेवणाची ताटे नकोत. दुसऱ्या कंपनीच्या विमानात सामान पोहोचवण्याची जबाबदारीही नको, म्हणजे कुर्डूवाडीची हमाली प्रवाशाने स्वतः करायची. जेवण न मिळणे ही कंजुषी वाटते, पण त्या मिनिटांचा हिशेब मांडला की ते विमानाच्या रचनेचाच भाग असल्याचे दिसते.

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांची एअर डेक्कन या पार्श्वभूमीवर पाहावी. लष्करातून बाहेर पडलेला हा माणूस हासन जिल्ह्यात शेती करत होता. १९९७ मध्ये त्याने हेलिकॉप्टरची कंपनी काढली आणि ऑगस्ट २००३ मध्ये हुबळी-बेंगळुरू मार्गावर एटीआर विमाने सुरू केली. पहिला मार्ग दिल्ली-मुंबई न घेता हुबळीचा घेतला, यातच त्याची दृष्टी दिसते. कंपनीचे बोधचिन्ह होते आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. चौकड्यांच्या कोटातला तो म्हातारा विमानावर चढला आणि जन्मात विमान न पाहिलेली माणसे त्याच्यामागून चढली. काही तिकिटे एक रुपयाला विकली गेली. भारतात विमानप्रवासाबद्दलची भीड मोडण्याचे श्रेय मी निःसंशय गोपीनाथांना देतो.

पण भाडे उतरले त्या वेगाने खर्च उतरला नाही. छोट्या गावांसाठी एटीआर आणि मोठ्या शहरांसाठी एअरबस, अशी दोन जातींची विमाने कंपनीने एकाच वेळी झपाट्याने वाढवली. म्हणजे दोन प्रकारचे वैमानिक, दोन प्रकारचे साठे, दोन वेगळी वेळापत्रके. पाच टनांची अट इथे कोणी घालून घेतलीच नव्हती. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या समूहाने कंपनीत हिस्सा घेतला, २००८ मध्ये ती किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि तिचे नाव ‘किंगफिशर रेड’ झाले. २०११ मध्ये ती स्वस्त सेवा बंद करण्यात आली आणि पुढच्या वर्षी किंगफिशरच जमिनीवर बसली. याउलट ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोने उड्डाणाआधीच शंभर एअरबस ए३२०ची मागणी नोंदवली होती आणि २०१७ मध्ये एटीआर घेईपर्यंत ती या एकाच जातीच्या विमानांवर चालली. आज देशातल्या दहा विमानप्रवाशांतले सहाहून अधिक तिच्याच विमानात बसतात. एकाच कंपनीच्या हाती इतका बाजार असणे प्रवाशाच्या हिताचे नाही, असे मला वाटते. पण तिची शिस्त नाकारता येत नाही.

आता सोलापूर. बार्शीहून होटगी रस्त्यावरचा विमानतळ सुमारे ७० किलोमीटर पडतो. तिथल्या उड्डाणांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. तिच्यावरून सोलापुरात किती वर्षे वाद चालला आणि गाव कसे दुभंगले, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ९ जून २०२५ रोजी गोव्याच्या फ्लाय९१ कंपनीने सोलापूर-गोवा सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरचे मुंबईचे विमान आले.

या विमानांचा आकार नीट पाहावा. फ्लाय९१कडे फक्त एटीआर ७२ आहेत आणि स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५मध्ये ७६ आसने. दोन्हींत आसने ८०च्या आत. तसे असण्याला नियम कारण आहेत. देशांतर्गत मार्गांवर ८०पेक्षा कमी आसनांच्या विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ असते आणि ४० टनांपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनाला करात सवलत मिळते. भरलेला एटीआर ७२ सुमारे २३ टनांचा असतो. म्हणजे इथेही आधी वजनाची रेघ ओढली गेली आणि मग तिच्या आत बसणारे विमान निवडले गेले. कॅलथ्रॉपला हे लगेच ओळखीचे वाटले असते.

फरक आहे तो अनुदानाचा. केंद्राच्या उडान योजनेत निवडलेल्या मार्गांना तीन वर्षे तूट भरून मिळते, त्या बदल्यात काही आसने ठरलेल्या कमाल भाड्यात द्यावी लागतात. महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालातले आकडे सोलापूरकरांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ३७१ सुरू झाले. तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले फक्त ५४. म्हणून सोलापूरच्या सेवेची खरी परीक्षा उद्घाटनाच्या गर्दीवर होणार नाही, ती २०२८च्या मध्यावर होईल. तोवर विमान दिवसाला किती तास हवेत राहते, आणि बार्शी, पंढरपूर, तुळजापूर, धाराशिव इथली किती माणसे पुण्याचा किंवा हैदराबादचा रस्ता सोडून होटगी रस्त्याकडे वळतात, यावर सगळे अवलंबून आहे. बार्शीचे व्यापारी आणि इथल्या कॅन्सर रुग्णालयात येणारे लांबचे रुग्ण यांना ही सेवा टिकलेली हवी आहे, हे मला पक्के माहीत आहे.

या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा अजून यायचा आहे, तो इंधनाचा. वेगवेगळ्या राज्यांत विमानाच्या इंधनावर कर किती पडतो आणि त्या फरकामुळे विमान कोणत्या गावी टाकी भरते, कोणत्या गावी रात्र काढते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.