रामलिंगाच्या दर्शनानंतर

श्रावणातला सोमवार उजाडला, की येडशीच्या घाटात पहाटेपासूनच भाविकांची रीघ लागते. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस भेटतात, तेथे हे गाव वसले आहे. गावाजवळच बालाघाटाच्या डोंगरात, हिरव्यागर्द दरीच्या कुशीत श्रीरामलिंगाचे देवालय आहे. एरवी देवदर्शनासाठी डोंगर चढावा लागतो. येथे मात्र पायऱ्या उतरून देवाकडे जायचे असते. ओढ्याचा खळाळ, मागच्या कड्यावरून कोसळणारे पावसाळी पाणी, झाडाझाडांवर बसलेली वानरसेना आणि गाभाऱ्यातून येणारा घंटानाद या सर्वांच्या मेळाने मन आपोआप शांत होते. बेलाचे पान पिंडीवर वाहताना मराठवाड्याच्या उन्हाळ्याची आठवणसुद्धा राहत नाही.

या स्थानाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. रावण सीतामाईला घेऊन आकाशमार्गाने निघाला असता जटायूने त्याची वाट अडविली ती येथेच, अशी इकडची श्रद्धा आहे. पंख छाटले गेलेला तो वृद्ध पक्षिराज प्रभू रामचंद्रांना येथे भेटला, त्याची तहान भागविण्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले आणि त्याने प्राण सोडल्यावर त्याचे अंत्यविधी केले, असे सांगतात. देवालयाच्या परिसरात जटायूची समाधी दाखविली जाते. नाशिक जिल्ह्यातील टाकेद आणि आंध्र प्रदेशातील लेपाक्षी या ठिकाणीही जटायूची हीच कथा सांगितली जाते. भाविकाला त्यात विरोध वाटत नाही. जेथे जेथे कोणी अन्यायाच्या आड उभे राहिले, तेथे तेथे जटायू पडला, असे मानण्यास कोणाची हरकत असणार?

या कथेतील एक गोष्ट मात्र दर्शन घेऊन परतताना मनात घोळत राहते. रामचंद्रांनी एका पक्ष्याचे उत्तरकार्य पित्याप्रमाणे केले. त्याचे कूळ कोणते, जात कोणती, तो आपल्यातला की परका, हे त्यांनी विचारले नाही. आपण तर दर्शन झाले, प्रसाद घेतला, वानरांना फुटाणे टाकले, की घराची वाट धरतो. वास्तविक येडशीपासून तासाभराच्या अंतरात अशी काही स्थाने आहेत, की त्यांपैकी एकाची आपण रोज आठवण काढतो, दुसऱ्याला शेजारचे म्हणून ओळखतो आणि तिसऱ्याच्या उंबरठ्याशी येऊन थबकतो. ‘तेथे आपण जावे काय?’ हा प्रश्न पुष्कळ घरांतून, विशेषतः व्रतस्थ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतो. त्याचे उत्तर शोधायला या पंचक्रोशीबाहेर जाण्याची गरज नाही.

गोरोबाकाकांचे तेर

येडशीहून पूर्वेकडे निघाले, की तेरणेच्या काठी तेर लागते. वारकऱ्यांच्या मुखी हे नाव संत गोरा कुंभारांमुळे आहे. नामस्मरणात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायाखाली चिखलात त्यांचे तान्हे बाळ तुडविले गेले, ही कथा ऐकून आजही माउल्यांचे डोळे पाणावतात. परंपरेप्रमाणे शके १२३९ (इ. स. १३१७) च्या चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी देह ठेवला. नदीकाठच्या त्यांच्या समाधिमंदिरात चैत्रात मोठी यात्रा भरते.

त्यांची दुसरी कथा प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडणारी आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय, असे विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे गोरोबाकाका म्हणाले. मग संतांच्या मस्तकांची परीक्षा झाली. सारे शांत राहिले. नामदेवांना मात्र राग आला आणि ते ‘कच्चे मडके’ ठरले. प्रत्यक्ष पांडुरंगाशी बोलणारा भक्त कच्चा कसा? याचे उत्तर त्यांना औंढ्या नागनाथाच्या देवळात मिळाले. तेथे विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेव संतापले, तेव्हा विसोबा म्हणाले, की जेथे देव नसेल तेथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तेथेही पिंड प्रकटली. पंढरीच्या विटेवर दिसणारा देव चराचरात आहे, हे ज्या क्षणी उमगले, त्या क्षणी नामदेवांचे मडके पक्के झाले. त्यामुळे पंढरी त्यांच्यासाठी लहान झाली नाही. आयुष्यभर त्यांनी विठ्ठलच गाइला. पण हेच नामदेव पुढे पंजाबापर्यंत गेले, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली.

त्रिविक्रमाच्या विटा

तेरमध्येच आणखी एक देवालय आहे, त्याकडे पुष्कळांचे पाय वळत नाहीत. ते म्हणजे त्रिविक्रमाचे मंदिर. बाहेरून पाहिले, तर हे आपल्या नेहमीच्या देवळासारखे दिसत नाही. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे आणि सारे बांधकाम विटांचे आहे. हेन्री कझेन्स या पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की ही मूळची बौद्ध चैत्यशाळा होय. कार्ले, भाजे येथे खडकात कोरलेले चैत्य आपण पाहतो. हा त्याच घडणीचा, पण विटांनी उभारलेला. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची अशी वास्तू उभी असलेली क्वचितच पाहावयास मिळते. आंध्र प्रदेशातील चेजेर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर हे तिचे जवळचे भावंड. तेथेही चैत्याच्या घुमटाखाली आज शिवपूजा चालते.

तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली सिद्ध केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे नमूद आहे. येथील मलमल व जाडेभरडे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. तेरला सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती तिच्याशी फार जुळते. ज्या गावाचा माल समुद्रापार जात होता, त्या गावात बौद्ध भिक्षू, व्यापारी, शैव, वैष्णव असे सारेच नांदले असले पाहिजेत.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचेही अवशेष मिळाले. स्तूप मातीच्या ढिगाखाली गेला आणि चैत्य मात्र उभा राहिला. असे का झाले? चैत्यात पुढे त्रिविक्रमाची स्थापना झाली, दिवा लागत राहिला, पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी होत राहिली, म्हणून विटा टिकल्या. ज्या वास्तूत सांजवात थांबते, तिच्या विटा लोक आपल्या घरांसाठी नेतात. तेव्हा त्रिविक्रमापुढे हात जोडताना ज्या बौद्ध उपासकांनी या विटा रचल्या, त्यांचेही स्मरण झाले पाहिजे. त्यांचे नाव झाकून आपल्या देवाचे माहात्म्य वाढत नाही. शतकानुशतके दिवाबत्ती करणाऱ्या पुजारी घराण्यांचेही ऋण तितकेच आहे.

लेणी आणि दर्गा

येडशीच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर धाराशिव शहर आहे. निजामाच्या राजवटीत याला उस्मानाबाद हे नाव मिळाले; २०२३ पासून ते पुन्हा धाराशिव झाले आहे. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर डोंगरात लेण्यांचा समूह आहे. मुख्य लेण्यात स्तंभांचा विस्तीर्ण मंडप, भोवती साधकांच्या खोल्या आणि गाभाऱ्यात सर्पफणांचे छत्र धारण केलेली पार्श्वनाथांची पद्मासनस्थ मूर्ती आहे. ही लेणी आरंभापासून जैनांची, की आधी बौद्धांची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात या लेण्यांचा उल्लेख येतो, त्यावरून जैन परंपरेत त्यांचे स्थान किती जुने आहे हे कळते. श्रावणात डोंगर हिरवा असतो, माणसांची गर्दी नसते. त्या अंधाऱ्या गाभाऱ्यात क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, तर आपल्या उपवासाचे आणि त्या मुनींच्या तपाचे नाते समजू लागते.

शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसाला मुसलमानांबरोबर हिंदूही मोठ्या संख्येने येतात. मराठवाड्याच्या गावागावांतून हे दृश्य जुन्या पिढीने पाहिलेले आहे. कोणी नवस फेडावयास येतो, कोणी मुलाला पिराच्या पायावर घालतो, आणि परत जाऊन तोच मनुष्य तुळजाभवानीची परडी भरतो. त्याच्या मनात या दोन गोष्टींचे भांडण नसते. अर्थात ज्याच्या मनाला हे रुचत नाही, त्याने कोणाच्या आग्रहास्तव जाऊ नये. परंतु जावेसे वाटत असूनही ‘व्रत मोडेल’ या भयाने जो थबकतो, त्याने नामदेवांना मिळालेला धडा आठवावा. विसोबांचे पाय जेथे ठेवावेत तेथे पिंड उगवली. मग दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी नम्रपणे उभे राहिल्याने आपला सोमवार कसा बरे मोडेल?

पाहुण्याची रीत

दुसऱ्याच्या देवघरात आपण पाहुणे असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. दर्ग्यात पादत्राणे बाहेर ठेवावीत, मस्तक झाकावे, मजारीजवळ कोठवर जावयाचे हे तेथील सेवेकऱ्यांना विचारावे. नमाजाची वेळ असल्यास बाजूस थांबावे. लेण्यांत मूर्तींना कुंकू, तेल लावू नये, भिंतींवर नावे कोरू नयेत. त्रिविक्रमाच्या मंदिरात जुन्या विटांवर खिळे ठोकू नयेत, की रंगाचे हात देऊ नयेत.

हीच रीत आपल्या स्वतःच्या रामलिंगाजवळही पाळावयास हवी, आणि खरे सांगायचे तर तेथेच आपण अधिक चुकतो. देवालयाभोवतीचे अरण्य १९९७ पासून अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. २०२४ च्या अखेरीस यवतमाळकडील टिपेश्वरच्या जंगलातून एक वाघ शेकडो किलोमीटरची वाट तुडवीत या डोंगरात येऊन राहिला. रानाच्या त्या पाहुण्याला आसरा मिळाला, तो जटायूच्या या वनात. आणि आपण भाविक मात्र पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढ्यात टाकून घरी जातो. ज्या पाण्यासाठी रामाने बाण मारला असे आपण मानतो, ते पाणी आपल्याच हातांनी गढूळ करणे ही कसली पूजा?

एखादे स्थान टिकते ते त्याची काळजी घेणाऱ्या माणसांमुळे, हे तेरच्या विटांनी दाखविले आहे. या श्रावणात रामलिंगाला जाल, तेव्हा दिवस थोडा लवकर सुरू करा. बेल वाहून झाला, की तेरला गोरोबाकाकांच्या समाधीवर डोके टेकवा, त्रिविक्रमाच्या गोल भिंतीला प्रदक्षिणा घाला, आणि दिवस उरला तर धाराशिवची वाट धरा. लेकरांना बरोबर न्या. वाटेत ती नाना प्रश्न विचारतील. ज्यांची उत्तरे ठाऊक असतील ती द्या, बाकीची घरी आल्यावर शोधा. सायंकाळी उपवास सोडताना त्यांना गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट सांगा. आपले मडके कच्चे की पक्के, हे ज्याचे त्यानेच टिचकी मारून पाहावयाचे असते.